आम्लाचा राक्षस आणि ‘किती?’ हा प्रश्न

अमेरिकेत ‘टेल्स टू अ‍ॅस्टॉनिश’ नावाचे चित्रकथांचे एक मासिक निघत असे. त्याच्या जून १९६३ च्या, म्हणजे ४४ व्या अंकात ‘कॉसमॉसचा प्राणी’ अशा अर्थाच्या नावाची एक गोष्ट आली. कथानक स्टॅन ली यांचे आणि चित्रे जॅक कर्बी यांची. गोष्टीचा नायक अँट-मॅन, म्हणजे मुंगीमानव. हेन्री पिम नावाचा हा शास्त्रज्ञ स्वतः तयार केलेल्या रसायनाने मुंगीएवढा होतो आणि शिरस्त्राणातल्या यंत्राने मुंग्यांशी बोलतो. २०१५ साली आलेल्या चित्रपटामुळे मुंगीमानव आपल्याकडच्या मुलांच्याही चांगल्या ओळखीचा झाला आहे. या अंकातला राक्षस मात्र त्या मुलांना माहीत असण्याची शक्यता कमीच. तो पुढे फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही, आणि त्याला कारणही तसेच आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. व्हर्नन व्हॅन डाइन नावाचे एक शास्त्रज्ञ दूरच्या ग्रहांशी संपर्क साधण्यासाठी गॅमा किरणांचा झोत आकाशात सोडतात. कॉसमॉस नावाच्या ग्रहावरून पळालेला एक गुन्हेगार त्या झोताच्या वाटेने पृथ्वीवर उतरतो. एखादा ढिगारा वितळत चालावा तसे त्याचे रूप आहे. तो व्हॅन डाइन यांना ठार मारतो आणि न्यूयॉर्क शहरावर चाल करून जातो. शस्त्रांचा त्याच्यापुढे उपयोग होत नाही. मुंग्या त्याच्या वासाने बिथरतात. त्यावरून पिमच्या लक्षात येते की हा प्राणी फॉर्मिक आम्लासारख्या द्रव्याचा बनलेला आहे. मग तो या आम्लावरचा उतारा तयार करतो, बंदुकीच्या काडतुसात भरतो आणि मुंग्यांच्या मदतीने बंदूक झाडतो. राक्षस संपतो. व्हॅन डाइन यांची मुलगी जॅनेट ‘वास्प’, म्हणजे गांधीलमाशी, होऊन पिमची साथीदार बनते. तिचे पदार्पण झाले म्हणूनच संग्राहक हा अंक जपून ठेवतात.

असले पुस्तक वर्गात बाकाखाली सापडले तर आपण काय करतो? बहुतेक वेळा ते जप्त होते. ‘हे सगळे अशास्त्रीय आहे’ हे आपले म्हणणे असते आणि ते खरेही असते. पण अशास्त्रीय आहे म्हणजे नेमके कुठे, आणि किती? हा हिशेब मांडायला बसले की या एका गोष्टीतून रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र या तिन्ही विषयांचे धडे निघतात. त्यासाठी नववी-दहावीचे गणित पुरते.

मुंगीचे आम्ल

फॉर्मिक आम्लाचे नावच मुंगीवरून पडले. लॅटिन भाषेत मुंगीला ‘फॉर्मिका’ म्हणतात. मुंग्यांपासून एक आंबट वाफ निघते हे इंग्लंडचे निसर्गशास्त्रज्ञ जॉन रे यांनी १६७० च्या सुमारास नोंदवले. १७४९ साली बर्लिनच्या मार्गग्राफ यांनी मुंग्यांचे ऊर्ध्वपातन करून हे आम्ल मिळवले. पुढे १८५५ साली बर्थेलो यांनी ते कार्बन मोनॉक्साइडपासून बनवले. आता कारखान्यात ते तयार करायला मुंग्या लागत नाहीत. रबराच्या मळ्यांत झाडाचा चीक साकळवण्यासाठी ते आजही वापरतात. चिकातले रबराचे सूक्ष्म कण त्यांच्याभोवतीच्या प्रथिनांमुळे आणि ऋण विद्युतभारामुळे एकमेकांपासून अलग राहतात. आम्ल घातले की हा भार नाहीसा होतो आणि कण एकत्र येऊन त्यांची लादी बनते.

कार्बनी आम्लांमधले हे सर्वांत साधे आम्ल. त्याच्या रेणूत एक कार्बन, दोन हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन, म्हणून रेणुभार ४६. व्हिनेगरमधले अ‍ॅसेटिक आम्ल हा त्याचा थोरला भाऊ. शुद्ध फॉर्मिक आम्ल ८.४ अंश सेल्सियसच्या खाली गोठते आणि सुमारे १०१ अंशांना उकळते. घनता पाण्याच्या १.२२ पट.

सगळ्याच मुंग्यांकडे हे आम्ल नसते. ते मुख्यतः मुंग्यांच्या एका मोठ्या उपकुलाचे वैशिष्ट्य आहे. आपल्याकडचे काळे मुंगळे आणि आंब्याच्या झाडावर पाने जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या या उपकुलातल्या. त्यांना नांगी नसते. त्या जबड्याने चावा घेतात आणि पोट वाकवून जखमेवर आम्लाची पिचकारी मारतात. कोकणात आंब्यावर चढलेल्या कोणाही मुलाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

इथे एक चांगला प्रश्न निघतो. एवढे तीव्र आम्ल पोटात बाळगून मुंगी स्वतः कशी जगते? उत्तर असे की आम्ल तिच्या शरीरभर नसते. ते एका पिशवीत असते आणि पिशवीला आतून मुंगीच्या बाह्य कवचासारखेच अस्तर असते. जिवंत पेशींशी त्याचा थेट संबंध येत नाही. कारण आम्लाने प्रथिनांचे आकार बिघडतात, आणि विकरांचे सारे काम त्यांच्या आकारावर अवलंबून असते. आम्ल बाळगणारा प्राणी असू शकतो, आम्लाचाच बनलेला प्राणी असणे अवघड. राक्षसाची पहिली अडचण ही.

दुसरी अडचण अधिक साधी आहे. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे तापमान ८.४ अंशांच्या कितीतरी वर असते. शुद्ध फॉर्मिक आम्लाचा राक्षस तिथे उभा न राहता गटाराकडे वाहू लागेल. तो जानेवारीत आला असता तर गोठून नुसता उभा राहिला असता! यावर एखादा विद्यार्थी म्हणेल, ‘आपल्या शरीरातही निम्म्याहून अधिक पाणीच असते, मग आपण का वाहून जात नाही?’ शंका रास्त आहे. आपले पाणी पेशींच्या पिशव्यांत बंद असते, पेशींना तंतूंचा आणि हाडांचा आधार असतो. राक्षसालाही अशी काही व्यवस्था लागेल, आणि ती आम्लात टिकणाऱ्या पदार्थाची असावी लागेल.

उतारा किती लागेल?

चित्रांवरून राक्षसाची नेमकी उंची ठरवता येत नाही. तेव्हा हिशेबापुरती ती ७ मीटर धरू, म्हणजे पावणेदोन मीटर उंचीच्या माणसाच्या चौपट. लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही चौपट, म्हणून घनफळ ४ × ४ × ४ = ६४ पट. ७० किलोच्या माणसाचे घनफळ साधारण ७० लिटर असते. राक्षसाचे झाले सुमारे ४,५०० लिटर. घनतेने गुणले की वजन येते सुमारे ५,५०० किलो.

हे आम्ल मुंग्यांकडून गोळा करायचे म्हटले तर? एका मुंगीच्या पिशवीत १ मिलिग्रॅम आम्ल धरले, तर ५५० कोटी मुंग्या लागतील.

आता उताऱ्याकडे वळू. आम्लावर उतारा म्हणजे अल्कली. सर्वांच्या घरात असणारा खाण्याचा सोडा घेऊ. त्याचा रेणुभार ८४. फॉर्मिक आम्लाच्या एका रेणूला सोड्याचा एक रेणू लागतो, आणि त्यातून सोडियम फॉर्मेट, पाणी व कार्बन डायऑक्साइड तयार होतात. म्हणजे ४६ किलो आम्लाला ८४ किलो सोडा. त्रैराशिक मांडले की ५,५०० किलो आम्लाला सुमारे १०,००० किलो सोडा लागतो. एक मालमोटार भरून!

छऱ्याच्या बंदुकीच्या नेहमीच्या काडतुसात ३० ग्रॅमच्या आसपास छरे मावतात. तेवढाच सोडा भरला असे मानले तर ३ लाख ३० हजार काडतुसे झाडावी लागतील. मिनिटाला १० या वेगाने अहोरात्र बंदूक चालवली तरी २३ दिवस जातील.

शिवाय वायूचे काय? दर ४६ ग्रॅम आम्लामागे सुमारे २४ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. राक्षसाच्या पूर्ण शरीराचा हिशेब होतो सुमारे २,९०० घनमीटर. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असे २० वर्ग या वायूने गच्च भरतील. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने रस्त्यावर खाली साचेल, आणि राक्षसाच्या तावडीतून सुटलेली माणसे त्यात गुदमरतील. वायू नको म्हणून कॉस्टिक सोड्याचे द्रावण वापरावे, तर उदासिनीकरणाची उष्णता आड येते. ती एवढी असेल की तिच्यावर २० अंशांचे सुमारे २०,००० लिटर पाणी उकळीला यावे.

‘आम्लाला अल्कलीने उदासीन करता येते’ हे पिमचे तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे. चूक फक्त ‘किती’ या एका शब्दात आहे. परीक्षेच्या पेपरात विद्यार्थी तत्त्व बरोबर लिहितो आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. कारखान्यात आम्ल सांडते तेव्हा मात्र किती सोडा टाकायचा, वायू किती निघेल, उष्णता किती होईल हे आधी ठाऊक असावे लागते. तिथे तत्त्व बरोबर आणि प्रमाण चुकीचे असेल तर माणसे भाजतात.

मोठे होण्याची किंमत

वरच्या हिशेबातली ६४ ही संख्या आणखी एका कामाला येते. उंची चौपट झाली की वजन ६४ पट होते, पण पायाच्या हाडाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ ४ × ४ = १६ पटच वाढते. म्हणजे हाडाच्या दर चौरस सेंटिमीटरवर चौपट भार. हा मुद्दा गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात मांडला. त्यासाठी त्याने दोन हाडांचे चित्र काढून दाखवले. एक साधे, आणि दुसरे तिप्पट लांबीचे. दुसऱ्याची जाडी इतकी वाढवावी लागली की ते बेढब दिसते.

पुढे जे. बी. एस. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञाने १९२६ साली प्राण्यांच्या योग्य आकाराविषयी एक निबंध लिहिला. त्यात त्याने इंग्रजीतल्या एका जुन्या धार्मिक रूपककथेतले ६० फुटी राक्षस उदाहरणाला घेतले आणि चालताना पहिल्याच पावलाला त्यांची मांडीची हाडे मोडतील हे दाखवून दिले. हाल्डेन १९५७ साली भारतात येऊन राहिले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला पुस्तकातल्या राक्षसाचे वजन काढण्यात कमीपणा वाटला नाही, हे आपण शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हाच नियम उलट दिशेने मुंगीमानवाला लावून पाहू. पावणेदोन मीटरचा माणूस १ सेंटिमीटरचा झाला तर लांबी १७५ पटीने कमी होते. वजन आकारमानाप्रमाणे घटले असे धरले, तर ७० किलोचे १३ मिलिग्रॅम होतील. आता तो मुंगीच्या पाठीवर बसू शकेल. पण त्याच्या वजनाच्या तुलनेत त्वचेचे क्षेत्रफळ १७५ पट झाले. शरीराची उष्णता त्वचेतून जाते, आणि ती भरून काढायला अन्न लागते. चिचुंद्रीचा एक पिटुकला भाऊबंद भूमध्य समुद्राच्या परिसरात राहतो. त्याचे वजन सुमारे २ ग्रॅम. तो दिवसाकाठी स्वतःच्या वजनाहून अधिक खातो. सर्वांत हलक्या सस्तन प्राण्यांत त्याची गणना होते. आपला नायक त्याच्याहूनही दीडशे पट हलका! गुन्हेगारांचा पाठलाग करायला त्याला जेवणातून सवडच मिळणार नाही.

गोष्टीत खरे काय निघाले?

चुका मोजल्या, तसे बरोबर काय आहे तेही मोजायला हवे.

फॉर्मिक आम्लाच्या वासाने मुंग्या बिथरतात, हे बऱ्याच अंशी खरे आहे. आम्ल बाळगणाऱ्या मुंग्यांमध्ये ते शस्त्र तर असतेच, शिवाय इतर काही द्रव्यांबरोबर धोक्याची सूचना म्हणूनही काम करते. पण अशा वासाने मुंग्या नुसत्या घाबरत नाहीत, पुष्कळदा चवताळून हल्ला करतात. मुंग्यांचे बोलणे मुख्यतः अशा रसायनांतून चालते. एडवर्ड विल्सन यांनी १९५९ साली मुंग्यांना माग दाखवणाऱ्या द्रव्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. तेव्हा पिमच्या शिरस्त्राणात लहरींच्या यंत्राऐवजी अत्तराच्या कुप्या असत्या, तर ते विज्ञानाला अधिक धरून झाले असते.

गॅमा किरणांची कथा याहून मौजेची आहे. किरणांच्या झोताला धरून कोणी प्राणी घसरत येऊ शकत नाही, हे उघड आहे. पण ग्रहताऱ्यांशी संदेशवहनासाठी गॅमा किरण वापरता येतील का, हा प्रश्न त्या काळात गंभीरपणे विचारला गेला होता. कोकोनी आणि मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांच्या चर्चेची सुरुवातच तिथून झाली. १९५९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात मात्र रेडिओ लहरींची शिफारस होती, हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झ कंप्रतेजवळची. गॅमा किरणांना बाजूला का सारले? पुन्हा ‘किती?’ हाच प्रश्न. दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या गॅमा किरणाचा एक कण पाठवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात रेडिओ लहरींचे सुमारे १७,००० कोटी कण पाठवता येतात. शिवाय गॅमा किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जातात, या रेडिओ लहरी सहज आरपार जातात. फ्रँक ड्रेक यांनी १९६० साली परग्रहावरच्या संदेशांचा पहिला शोध घेतला तो याच कंप्रतेवर.

आणि अवकाशातले फॉर्मिक आम्ल? १९७१ साली, म्हणजे हा अंक निघाल्यानंतर आठ वर्षांनी, आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या एका प्रचंड वायुमेघात खगोलशास्त्रज्ञांना फॉर्मिक आम्लाच्या रेणूंची रेडिओ खूण सापडली. २०२४ साली जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून जन्माला येणाऱ्या ताऱ्यांभोवतीच्या बर्फातही ते असल्याचे दिसले. अर्थात लेखकाला भविष्य दिसले होते असा याचा अर्थ नाही. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही मूलद्रव्ये विश्वात विपुल आहेत आणि त्यांचे पाच अणूंचे साधे संयुग तिथे बनणे स्वाभाविक आहे. कॉसमॉसवरून राक्षस आला नाही, पण त्याचे द्रव्य तिथे खरोखरच आहे.

उलटा उतारा

सर्वांत सुंदर भाग मुंग्यांनीच रचला आहे. गोष्टीत फॉर्मिक आम्लावर उतारा शोधावा लागतो. निसर्गात एका मुंगीने फॉर्मिक आम्लाचाच उतारा केला आहे.

दक्षिण अमेरिकेतल्या ‘आगमुंग्या’ अमेरिकेत शिरल्या आणि फोफावल्या. त्यांच्या नांगीचे विष भयंकर असते. त्यांच्यामागून त्याच खंडातून आलेल्या पिंगट ‘वेड्या मुंग्या’ अलीकडे टेक्सासमध्ये त्यांना हुसकावू लागल्या. आगमुंगीचे विष अंगावर पडले की वेडी मुंगी मागच्या आणि मधल्या पायांवर उभी राहते, पोट वाकवून आपल्याच आम्लाचा थेंब तोंडात घेते आणि तो सर्वांगाला चोळते. हे खरोखर औषध आहे की नुसती साफसफाई? लब्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली याचे उत्तर दिले. त्यांनी काही मुंग्यांच्या आम्लग्रंथीचे तोंड नखांना लावण्याच्या रंगाने बंद केले, काहींचे उघडे ठेवले, आणि सर्वांची गाठ आगमुंग्यांशी घालून दिली. तोंड उघडे असलेल्यांपैकी सुमारे ९८ टक्के जगल्या, बंद केलेल्यांपैकी ४८ टक्केच.

दुकानात मिळणारी नखरंगाची बाटली आणि एक नेमका प्रश्न. तुलनेसाठी दुसरा गट का लागतो, हे विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी इतके चांगले उदाहरण क्वचित मिळेल. मुंगळ्यांच्याच एका जातीवर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की त्या खाल्ल्यानंतर स्वतःचे आम्ल गिळतात आणि अन्नाबरोबर आलेले जंतू त्याने मरतात.

न हसवणारी चूक

राक्षसावर आपण हसलो. आता एका अशा विधानाकडे पाहू की ज्यावर कोणी हसत नाही. ‘मुंगी, मधमाशी आणि खाजऱ्या वनस्पती यांच्या दंशात फॉर्मिक आम्ल असते, म्हणून त्यावर खाण्याचा सोडा लावावा.’ या आशयाची वाक्ये अनेक शालेय पुस्तकांत आढळतात. उदासिनीकरणाचे उदाहरण म्हणून ते इतके सोयीचे आहे की त्याची तपासणी करावी असे कोणाला वाटत नाही.

तपासले तर काय दिसते? मधमाशीच्या विषातला मुख्य घटक मेलिटिन नावाचे एक छोटे प्रथिन आहे. ते पेशींची आवरणे फोडते. वर सांगितलेल्या आगमुंग्यांच्या विषाचा बहुतांश भाग अल्कलॉइडांचा असतो, आणि अल्कलॉइड हे आम्लाच्या उलट, अल्कलीधर्मी असतात. युरोपातल्या नेटल या खाजऱ्या झुडपाच्या केसांत हिस्टामिन आणि अ‍ॅसिटिलकोलिन असते, हे १९४७ सालीच दाखवले गेले. त्यात फॉर्मिक आम्ल असते, पण दाहाचे कारण ठरावे एवढे नसते. आपल्या खाजकुयलीची खाज तर एका प्रथिन तोडणाऱ्या विकरामुळे सुटते. शिवाय नांगीने विष कातडीच्या आत सोडलेले असते, आणि वर चोळलेला सोडा तिथवर पोचत नाही. आम्ल खरोखर अंगावर उडते ते आंब्यावरच्या तांबड्या मुंग्यांचे. तिथेही साबण-पाण्याने धुणे हा पहिला उपाय. आणि दंशानंतर अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर कोणत्याही घरगुती उताऱ्यात वेळ न घालवता रुग्णाला दवाखान्यात न्यावे.

कॉमिकमधली चूक आणि पुस्तकातली चूक एकाच जातीची आहे. दोन्हीकडे तत्त्व बरोबर आहे. दोन्हीकडे कोणते द्रव्य, किती आणि कुठे, हे विचारलेले नाही. फरक एवढाच की राक्षस पाहून मुलाला निदान शंका येते. पुस्तकातले वाक्य ते पाठ करते, आणि पुढे शिक्षक झाले की तेच शिकवते. म्हणून मला त्या विसरलेल्या राक्षसाची भीती कमी वाटते.

वर्गात करण्यासारखे

१. फॉर्मिक आम्ल वर्गात आणू नये. ते त्वचा आणि डोळे जाळते. त्याऐवजी ५ टक्के अ‍ॅसेटिक आम्लाचे १०० मिलिलिटर व्हिनेगर घ्यावे. त्यात सुमारे ५ ग्रॅम आम्ल असते. अ‍ॅसेटिक आम्लाचा रेणुभार ६०. किती सोडा लागेल ते विद्यार्थ्यांनी आधी काढावे (उत्तर ७ ग्रॅम येते) आणि मग चिमूट-चिमूट सोडा तोलून टाकत फेस थांबेपर्यंतचा अंदाज पडताळावा. भांडे मोठे घ्यावे आणि ते उघडेच ठेवावे.

२. एकाच मापाचे ८ लाकडी ठोकळे जोडून दुप्पट बाजूचा घन करावा. तळाचे क्षेत्रफळ आणि ठोकळ्यांची संख्या मोजावी. मग २७ ठोकळ्यांचा घन करून पुन्हा मोजावे. गॅलिलिओचा नियम हाताने मोजता येतो.

३. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आवडीच्या कॉमिकमधला एक राक्षस निवडावा आणि त्याला तीन प्रश्न विचारावेत: तो कशाचा बनला आहे, त्याचे वजन किती आणि तो दिवसाला किती खाईल? उत्तर काढताना काय-काय गृहीत धरले, ते शेजारी लिहावे.

४. हेच प्रश्न घेऊन पाठ्यपुस्तकातले एखादे ‘सर्वांना माहीत असलेले’ वाक्य तपासावे. हा चौथा प्रयोग पहिल्या तिन्हींपेक्षा अवघड आहे. त्याला वेळ द्यावा, आणि त्यात शिक्षकांनीही विद्यार्थ्यांच्या बरोबरीने बसावे.